तिसऱ्या नावेतलं पोतं

सुपडा, काल तुझ्या दुखवट्याच्या सभेत चहा आणि चिवडा झाला. चिवडा चांगला खमंग होता. मीही खाल्ला. दुसरी मूठ घेताना मला स्वतःची अशी काही किळस आली, की हातातला चिवडा खिशात घातला आणि घरी पोचेपर्यंत खिशात हात घातला नाही. तो सदरा घरी खुंटीला आहे, त्याला मुंग्या लागल्या आहेत.

सभा कशी झाली ते तुला सांगायला हवं, कारण तू ती कधी पाहिली नाहीस. इतकी वर्षं तू आमच्या बोट क्लबाच्या पायऱ्यांपर्यंत आलास, पायऱ्या चढला नाहीस. तलावाच्या बांधावरची ती कौलारू खोली, तिची कौलंसुद्धा तू शाकारलीस, पण बाहेरून शिडी लावून. आत भिंतीवर विजेत्यांची पाटी आहे, एक लांब टेबल आहे, आठ खुर्च्या आहेत आणि बोटी आणणाऱ्या गोऱ्या साहेबाची तसबीर आहे. काल तसबिरीला हार होता. तुझी तसबीर नाहीच, म्हणून तुझा हार त्याला घातला. हसू नकोस, खरंच घातला. हार आणलाच आहे तर वाया कशाला घालवायचा, असं अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्ष म्हणजे आपले वकीलसाहेब. ते उभे राहिले आणि तुझ्यावर पाच मिनिटं बोलले. 'इमानी' हा शब्द चार वेळा आला. 'पाण्याचा पुत्र' एकदा आला. शेवटी ते म्हणाले, "ईश्वर त्याच्या चुकांना क्षमा करो." सगळ्यांनी माना हलवल्या. मग मिनिटभर उभे राहिलो, मग खुर्च्या सरकल्या आणि चहा आला. मग एकानं विचारलं, पुढच्या शर्यतीला तिसऱ्या नावेचं काय करायचं? तेव्हा वकीलसाहेबांनी कोपऱ्यातलं नवं पोतं दाखवलं. जाड तागाचं, दुहेरी शिवणीचं, आत चाळलेली वाळू. "काट्यावर घालून घेतलंय," ते म्हणाले. "सुपड्याइतकंच भरतं. आणि हे हलणार नाही."

लोक हसले. मोठ्यानं नाही, दुखवटा होता ना; पण हसले. मी हसलो नाही. एवढंच काय ते मी केलं, आणि काल संध्याकाळपर्यंत मला ते पुष्कळ वाटत होतं.

तुझी चूक कुठली ठरवली, हे तुला ठाऊक होतं का, ते मला आज सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. तिथपर्यंत येतोच. आधी मला आठवू दे, नाहीतर या सगळ्या घाणीत तू हरवून जाशील.

मी संग्रामपुराकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, गुडघाभर ओढ्यापेक्षा जास्त पाणी न पाहिलेला. इथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो. अक्षर चांगलं, म्हणून क्लबानं मला चिटणीस केलं. वकील, डॉक्टर, तहसीलदार, पेढीवाले यांच्यात मी एकटा पायी येणारा. पहिल्या दिवशी बांधावर आलो तर काय पाहतो? बाभळीच्या सावलीत एक बाज टाकलेली, बाजेच्या मधोमध बांबू उभा बांधलेला, बांबूला तुझं धोतर. बाजेवर डॉक्टरसाहेब बसलेले, हातात दोरी, आणि तू लंगोटीवर उभा राहून त्यांना सांगतोयस, "वारा इकून आला असं समजा. आता भाईर लवा. अजून लवा. पाठ टेकू द्या हवेले." डॉक्टरसाहेब लवले ते थेट बाजेवरून मातीत गेले. तू गंभीरपणे म्हणालास, "हां, बराबर. पान्यात असते तं वाचले असते."

कोरड्या जमिनीवर नाव चालवायला शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. साहेब मुंबईहून दोन डिंग्या, म्हणजे शिडाच्या छोट्या नावा, मागवून, त्या मलकापूर स्टेशनावरून बैलगाडीत घालून घाट चढवून आणून मोकळा झाला आणि बदली होऊन गेला. शिडाची नाव चालवायची कशी हे इथे कोणालाच येत नव्हतं. साहेब तासन्‌तास एकटा फिरायचा, तेव्हा तू शिंगाड्याच्या वेलांत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बघत होतास. तेवढ्यावर शिकलास. तुम्हा भोयांच्या डोणीला शीड कधी नव्हतंच. वल्हं आणि बांबू एवढंच. पण तू शीड पाहिलंस आणि तुझं डोकं फिरलं. हे तूच मला सांगितलंस. "मास्तर, हात न लावता नाव चालते. म्या म्हनलं, हे शिकल्याबिगर आता मरन नाई."

सगळ्यांना तूच शिकवलंस. गाठी मारायला, शीड गुंडाळायला, कापसाची वात पिळून फळ्यांच्या फटींत ठोकायला, वर डांबर आणि जवसाचं तेल लावायला. आणि सर्वांत आधी बुडायला. "पयले बुडा, मंग चालवा," हा तुझा पहिला धडा. नाकात पाणी गेलं तरी नाव धरून ठेवायची, सोडायची नाही, आणि शिडाची दोरी मात्र आधी सोडायची. डॉक्टरसाहेब बुडाले, मी बुडालो, तहसीलदारसुद्धा टोपी काढून बुडाले. वकीलसाहेब म्हणाले, "मी बुडण्यासाठी सभासद झालेलो नाही." त्यांना कोणी आग्रह केला नाही.

तिसरी नाव तू आणि सुतारानं मिळून केलीत, साहेबाच्या नावेवर दोरी धरून माप घेऊन. ती माझ्या वाट्याला आली, कारण ती मुंबईची नव्हती.

आता तो नियम. साहेबानं लिहून ठेवलेला होता आणि आमच्या मंडळींनी त्याचा जो अर्थ लावला तो बघून साहेबानंही कपाळाला हात लावला असता. शर्यतीत प्रत्येक नावेत सभासद एक आणि वजन एक, म्हणजे नाव फार हलकी होऊ नये म्हणून मधे ठेवायचा भार. हा भार वाळूचं पोतं असेल किंवा तेवढ्याच वजनाचा माणूस. पण माणूस असेल तर त्यानं पोत्यासारखं असावं: दोरीला हात लावू नये, सुकाणूला हात लावू नये, बोलू नये. साहेबाला बहुधा एवढंच म्हणायचं होतं की एकाच्या शर्यतीत दोघांनी हात घालू नये. आमच्या लोकांना त्यात भलताच आनंद झाला. आणि पोती होती दोनच. साहजिकच ती वकील आणि डॉक्टरांच्या नावेत गेली, कारण पोत्यातली वाळू अंगाला चिकटत नाही आणि वाळूला जात नसते. तिसऱ्या नावेत तू आलास.

क्लबाच्या वहीत मी लिहिलं: तिसरी नाव, सभासद: मास्तर, वजन: पोतं. तुझं नाव लिहिलं नाही. रकाना अरुंद होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता तो रकाना समोर उघडा आहे. त्यात 'सुपडा' आरामात मावतं.

तू डोलकाठीला पाठ लावून, माझ्याकडे तोंड करून, पाय पसरून बसायचास. पुढचं तुला काही दिसायचं नाही, फक्त मी आणि माझ्या मागचं पाणी. आणि तरीही पहिल्याच शर्यतीत, बांधाच्या कोपऱ्याशी, जिथे घाटाकडून येणारा वारा एकदम उलटा फिरतो, तिथे माझ्या टाचेला तुझ्या पायाचा अंगठा लागला. एकदा टेकला. मी दोरी जराशी सैल सोडली. नाव सुटली. थोड्या वेळानं तो अंगठा पुन्हा आला आणि या वेळी दाबून धरला. मला कळेना. तुझा चेहरा तर पोत्याचाच, डोळे अर्धे मिटलेले. तू आणखी जोरात दाबलास. मी सुकाणू ढकललं, नाव वळली, आणि अंगठा निघून गेला. असं आपलं ठरलं. कोणीच बोललं नव्हतं, पण ठरलं. एकदा टेकला तर दोरी सोड. दाबून धरला तर वळ.

नंतर बांधावर मी तुला विचारलं, तुला पाठीमागून वारा कसा कळतो?

"वारा डोयानं नाई दिसत, मास्तर. नावेच्या बुडाले पानी लागते ना, त्याचा आवाज पायाले येते. तुमी चपला घालून बसता, तुमाले कसा येईन?"

त्या दिवसापासून मी अनवाणी बसायला लागलो. वारा मला तरीही कधी कळला नाही, पण तुझा अंगठा स्पष्ट कळायचा. लागोपाठ दोन वर्षं चषक मला मिळाला. पाटीवर माझं नाव दोनदा आहे. शाळेत मुलांनी टाळ्या वाजवल्या, हेडमास्तरांनी माझं उदाहरण दिलं. चषक माझ्या कपाटावर आहे, आल्यागेल्याला दिसेल असा. माझी बायको तो चिंचेनं घासते. पाहुणे विचारतात, तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे, हे कुठं शिकलात? आणि मी सांगतो, सवयीनं येतं.

आपली भांडणं आठवतात का? एकच भांडण होतं खरं तर, दर वर्षी नव्यानं. मी म्हणायचो, सुपडा, तू पोतं होऊन बसतोसच कशाला? नाही म्हण. सगळ्या तलावात नाव चालवणारा तू एकटा, आणि तुला तोंड मिटून बसायला सांगतात. तुला चीड कशी येत नाही? तू विडी पेटवायचास आणि म्हणायचास, "बसायले तं भेटते ना, मास्तर." मी आणखी चिडायचो. मला तुझ्या त्या हसण्याचा संताप यायचा, अगदी शिसारी यायची. मला वाटायचं, असल्या माणसांमुळेच हे लोक माजतात. हे मी तुला एकदा तोंडावर म्हणालोही. तू विडी विझवलीस आणि विचारलंस, "मंग तुमी सांगा न त्याइले, का चषक सुपड्यानं जितला म्हून. मी येतो संगं. सांगता का?"

मी विषय बदलला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच भांडण काढलं, आणि पुन्हा मीच चिडलो, आणि तू पुन्हा तो प्रश्न विचारला नाहीस. एकदा विचारून पाहिला होतास, तेवढं तुला पुरलं.

पण एक दुपार मी कोणाला देणार नाही. कचेरीला सुट्टी होती, सगळी बडी मंडळी शेगावला यात्रेला गेली होती, बांधावर कुत्रंही नव्हतं. मी म्हणालो, आज तू मागं बस, मी पोतं होतो. तू दोनदा आजूबाजूला पाहिलंस. मग सुकाणूवर हात ठेवलास. मी तुझ्या जागी, डोलकाठीला पाठ लावून बसलो. तिथून मला फक्त तू दिसत होतास आणि तुझ्या मागं लांब होत जाणारी पाण्याची रेघ. ती रेघ सरळ होती, सुपडा. माझी कधीच इतकी सरळ नव्हती. कोपऱ्याशी वारा फिरला तेव्हा तू काही केलंस असं मला दिसलंसुद्धा नाही. नाव आपसूक वळल्यासारखी वळली. तू गुणगुणत होतास. साठीच्या माणसाचा चेहरा असा कोवळा होतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी गंमत म्हणून तुझ्या टाचेला अंगठा लावला, तर तू म्हणालास, "गप बसा, पोतं बोलत नसते." दोघंही इतके हसलो की नाव हेलकावली. तेवढ्यासाठी मी तुझा ऋणी आहे, आणि हे मी सांगावं म्हणून तुला मरावं लागलं.

आता शर्यतीचा दिवस.

आदल्या संध्याकाळी वकीलसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "मास्तर, यंदा सुपड्याला माझ्या नावेत देऊ. दोन वर्षं पाहतोय, त्याचं वजन लाभतं." वजन लाभतं! मी हो म्हणालो. ते शाळेच्या कमिटीवर आहेत, मी दुसरं काय म्हणणार होतो? सकाळी तू बांधावर माझ्याजवळ आलास. पौषातली थंडी होती, अंगावर तुझी ती भोकाभोकाची घोंगडी. हळूच म्हणालास, "मास्तर, साहेबाइच्या पायात बूट हायेत. त्याइले सांगा, काढा म्हना. मंग मी पाहून घेतो."

एवढंच होतं ते. चार शब्द. साहेब, बूट काढून बसा.

पण ते विचारणार, का? आणि मग अंगठ्याचं सांगावं लागणार. आणि अंगठ्याचं सांगितलं की पाटीवरचं नाव, कपाटावरचा चषक, मुलांच्या टाळ्या, सगळं तुझं. मी म्हणालो, "बघतो." तू माझ्याकडे पाहिलंस, जरा जास्त वेळ पाहिलंस, आणि जाऊन त्यांच्या नावेत डोलकाठीला पाठ लावून बसलास. मी माझ्या नावेत वाळूचं पोतं घेऊन बसलो. आणि मी सांगितलं नाही.

कोपऱ्यापर्यंत तुमची नाव पुढं होती. मी मागून पाहत होतो. वकीलसाहेबांनी दोरी हाताला दोन वेढे देऊन गुंडाळली होती, जे तू बाजेवरच्या धड्यातच बंद करायला सांगितलं होतंस. वारा फिरायच्या आधी तुझा पाय हलला. मला दिसला. टेकला, पुन्हा टेकला, मग तू टाचेनं त्या बुटावर ठोकलंस. त्यांना काय कळणार? चांगलं जाड चामडं, विलायती. मग तू तोंड उघडलंस. तीन शर्यतींत पहिल्यांदा.

"साहेब, दोरी सोडा! दोरी सोडा!"

त्यांना राग आला. पोतं बोललं ना! मला त्यांच्या तोंडावरचा राग लांबून दिसला. त्यांनी दोरी सोडायच्या ऐवजी आणखी ओढली, आणि नाव आडवी झाली.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं, आणि कोणीच पाहिलं नाही असं आता दिसतं. बुटांनी आणि कोटानं जड झालेला तो माणूस, हाताला दोरी गुंतलेली, तुझ्या गळ्याला मिठी मारून दोनदा तुला खाली घेऊन गेला. तू पाण्याखाली जाऊन वेढे सोडवलेस. त्यांना उलट्या नावेवर चढवलंस, आणि जागा एकाचीच म्हणून स्वतः पाण्यात राहून नाव धरून ठेवलीस. आमच्या दोन नावा तुमच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही, कारण मला तो कोपरा तुझ्याशिवाय ओलांडता येईना. दोनदा गेलो, दोनदा वाऱ्यानं मागं फेकलं. शेवटी तुमचीच भोयांची डोण पोचली. त्यांनी वकीलसाहेबांना आधी घेतलं. कांबळं, शेकोटी, गरम दूध झालं. तू बांधावर बसून धोतर पिळत होतास. तुझे ओठ जांभळे होते आणि तू माझ्याकडे बघून हसलास. तेच हसणं.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी मला घरी बोलावलं. "मास्तर, वहीत दोन ओळी घाला. नाहीतर लोक काहीबाही बोलतील." आणि मी घातल्या. त्यांनी सांगितल्या, पण अक्षर माझं. 'पहिल्या नावेतील वजनाचा माणूस जागचा हलल्याने व ओरडल्याने नाव कलंडली. अध्यक्षांनी प्रसंगावधान राखून नावेचा आश्रय घेतला.' स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे जागच्या जागी. लिहून झाल्यावर मी वर वाळू भुरभुरली, शाई टिपायला. आणि काल सभेत तुझ्या दुखवट्याच्या आधी चिटणीसानं मागचा वृत्तान्त वाचायचा असतो म्हणून तोच मी मोठ्यानं, स्पष्ट आवाजात वाचला. कायम, कायम, असं सगळे म्हणाले. मग तुझ्या चुकांना क्षमा मागून झाली.

थू! दुसरा शब्द मला सापडत नाही. त्यांच्यावर नाही, ते जे आहेत ते आहेत. माझ्यावर.

त्या गार पाण्यानं तुला ताप भरला आणि तू अंथरूण धरलंस; तू गेलास त्याच्या आदल्या दुपारी मी तुझ्याकडे आलो होतो. तुझी बायको भिवरा छातीला ओव्याचा शेक देत होती. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मी तुझ्या पायथ्याशी बाजेवर बसलो. तीच बाज, जिच्यावर धोतराचं शीड लावायचास. मी म्हणालो, बरा होशील, पुढच्या शर्यतीला माझ्याच नावेत ये. तुला धाप लागत होती. पण तुझा पाय घोंगडीबाहेर आला, बाजेवर टेकलेल्या माझ्या हातापाशी, आणि अंगठा माझ्या तळहाताच्या कडेवर दाबलास. तापानं भाजत होता. दाबूनच धरलास. मला वाटलं ताप डोक्यात गेला. मी तुझा पाय उचलला आणि घोंगडीत नीट झाकून ठेवला. किती काळजीनं झाकला! मग म्हणालो, पड आता, आणि निघालो.

आज सकाळी भिवराकडे गेलो. ती दारात शिंगाडे सोलत बसली होती, बोटं काळी झालेली. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. बुटांचं, अंगठ्याचं, वहीतल्या दोन ओळींचं. वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, अंगावर धावून येईल. कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं हातातला शिंगाडा पुरा सोलला.

"मालूम होतं त्याले."

"काय मालूम होतं?"

"तुमी लिवलं म्हून. क्लबाच्या गड्यानं येऊन सांगतलं दुसऱ्याच दिशी, का वहीत तुमच्या मानसाची चूक चढवली. मी म्हनलं, कोन मेल्यानं लिवलं? तं हे म्हनले, मास्तरनंच लिवलं असन. अक्षर त्याचंच चांगलं हाये."

मी खालीच बसलो. तू हे माहीत असताना, सुपडा, मी तुझ्या पायथ्याशी बसून पुढच्या शर्यतीच्या गोष्टी करत होतो.

"मी लई बोलली तुमाले," भिवरा म्हणाली. "लपवत नाई. ते म्हनले, बोलू नोको. मास्तरले वळता येते. उशिरा वळते, पन वळते." मग तिनं सोललेले शिंगाडे माझ्या पुढ्यात सरकवले आणि म्हणाली, "खा. काऊन रडता? तुमच्या रडन्यानं वहीतलं पुसते का?"

नाही पुसत. साहेबानं या वहीच्या प्रत्येक पानावर स्वतःच्या हातानं आकडे घातले आहेत, पान फाडलं तर कळावं म्हणून. आणि वहीत जे चढलं ते पुढच्या बैठकीत चिटणीसानं अथपासून इतिपर्यंत मोठ्यानं वाचायचं, हाही त्याचाच नियम. इतकी वर्षं तुझ्या तोंडाला कुलूप घातलं ते त्याच्याच एका नियमाचा आधार घेऊन. आता त्याचा दुसरा नियमही पाळू या.

भिवराकडून मी थेट क्लबात आलो. किल्ली चिटणीसाकडेच असते. मघापासून तुझ्याशी बोलतोय ते याच वहीत, त्या दोन ओळींच्या लगेच पुढच्या पानावर, चांगल्या अक्षरात. मागच्या दोन शर्यतींच्या रकान्यांत 'पोतं' होतं, तिथे शेजारी 'सुपडा भोई' लिहून खाली सही केली आहे. मधेच उठून चषक घरून आणून टेबलावर ठेवला आहे. पुढच्या बैठकीला हे सगळं मी वाचणार आहे. तेव्हा ऐकणाऱ्या मंडळींनो, वकीलसाहेब, आपणही ऐकत असालच; मधे उठू नये, नियम आहे. नंतर मला चिटणीसपदावरून काढा. शाळेचं काय करायचं तेही आपल्या हातात आहे, ते मला माहीत आहे, आणि मला भीती वाटते, हेही लिहून ठेवतो.

या खोलीत सगळे बूट घालून बसतात. मी बाहेर पायरीवर, जिथे तू बसायचास, तिथे चपला काढून आलो आहे. फरशी गार आहे. बैठकीलाही असाच येईन.

वळलो, सुपडा. अंगठा काढ आता.